चंदन लावलेला प्रोसेसर

गेल्या वर्षी चैत्रात मुरुमचे गुंडप्पा विष्णुपंतांच्या कॉम्प्युटरसमोर बसले, त्यांनी पिशवीतून एक डाळिंब काढलं, सोललं, सावकाश खाल्लं, साली कागदात गुंडाळल्या आणि उठून हात धुवून आले, तरी त्यांच्या पणजोबांचं नाव पडद्यावर आलेलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'शोध चालू आहे' एवढंच तिथं लुकलुकत होतं. चार मिनिटं झाली होती.

"घाई न्हाय महाराज," गुंडप्पा म्हणाले. "फकस्त आमचा गाडीवाला म्हंतोय, उजेडात पोचायचंय." एवढं बोलून त्यांनी खिडकीतून पलीकडच्या ओट्याकडं पाहिलं. त्या ओट्यावर विष्णुपंतांचा चुलत भाऊ उत्तरेश्वर लाल बासनातली कागदी वही उघडून बसला होता. त्याच्यापुढं परंड्याकडचं एक कुटुंब नुकतंच येऊन टेकलं होतं. उत्तरेश्वरनं अंगठा जिभेला लावला, चार पानं उलटली आणि वाचायला सुरुवात केली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

गुंडप्पांची ती नजर विष्णुपंतांच्या काळजात रुतून बसली.

कारण तुळजापुरातल्या त्यांच्या गल्लीची रीतच तशी होती. देवीच्या दर्शनाला येणारी जुनी घराणी ठरलेल्या उपाध्यांकडं उतरायची. उपाध्यांनी त्या घराण्याच्या मागच्या पिढ्यांची नावं वाचून दाखवायची, ती ऐकून यजमानांनी हात जोडायचे आणि मग पुढची पूजा-नैवेद्याची व्यवस्था सुरू व्हायची. नाव दाखवता आलं नाही तर यजमान चहा घेऊन उठायला मोकळा. विष्णुपंतांच्या आणि उत्तरेश्वरच्या आजोबांनी फार पूर्वी घराण्यांची वाटणी केली होती. मुरुम-उमरग्याकडची घराणी विष्णुपंतांच्या वाट्याला आली आणि परंड्याकडची उत्तरेश्वरच्या. वाटणी शांततेत झाली होती, पण तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या ओट्यावर किती चपला निघाल्यात हे मोजत आली होती.

विष्णुपंतांकडंही एके काळी कागदी वही होती. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, अनिरुद्धनं, शिकता शिकता एक प्रोग्राम लिहिला, एक कॉम्प्युटर घेतला गेला आणि विष्णुपंतांनी तीन वर्षं रोज दुपारी दोन बोटांनी टाइप करून अख्खी वही त्यात उतरवली. वही तोवर जीर्ण झाली होती. इतक्या लोकांच्या पूर्वजांची नावं असलेला कागद रद्दीत घालणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, तिची यथासांग पूजा केली आणि नदीत विसर्जन केलं. जिल्ह्यातले पहिले संगणकीकृत उपाध्ये आपणच, असं ते त्या दिवशी म्हणाले होते. ते खोटं असावं असं मानायला काही कारण नव्हतं, कारण दुसरं कोणी त्या भानगडीत पडलंच नाही.

तर यंदाच्या चैत्राआधी कॉम्प्युटर पळता करायचा असं विष्णुपंतांनी ठरवलं. नीलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, नवाच का घेत नाही असं विचारलं. पण अनिरुद्धचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालत नव्हता आणि अनिरुद्धला तो पुन्हा लिहायला वेळ नव्हता. तो पुण्यात असतो, एवढं सांगितलं की पुरे.

"आधी कॉपी काढून ठेवा बाबा," तो फोनवर म्हणाला.

कॉपी काढायच्या फ्लॉप्या पोटमाळ्यावर होत्या. त्यांना बुरशी आली होती. नीलाताईंनी त्या उन्हात वाळत घातल्या, पापडांच्या शेजारी, त्यामुळं त्या वाळल्या पण वाकल्या. कॉपीचा विषय तिथंच संपला.

बसस्टँडजवळ बजरंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं घरी येऊन कॅबिनेट उघडलं, आतली पंचवीस वर्षांची धूळ पाहिली आणि आदरानं जरा मागं सरला. "काका, ह्यात एकशे तेहतीसचा प्रोसेसर हाय. ह्याच्यात दोनशेचा बसतोय, म्हंजे जास्त पळंल. पर तो आता दुकानात मिळत न्हाय, कुठंतरी अडगळीत पडला असंल तर."

अडगळ सापडली. चाळीस किलोमीटरवरच्या एका शाळेत तसलेच पाच कॉम्प्युटर एका खोलीत बेंचांखाली पडून होते. विष्णुपंत एसटीनं गेले. तिथले लिपिक कोंडीराम यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ही शासकीय मालमत्ता आहे, तिचं अजून निर्लेखन झालेलं नाही, म्हणजे ती नोंदीतून कमी झालेली नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव नऊ वर्षांपूर्वी गेला होता, त्यात एक त्रुटी निघाली, त्रुटीची पूर्तता झाली तेव्हा साहेब बदलले होते.

"पण हे बंद आहेत ना?"

"बंद हायत, पर नोंदीवर हायत," कोंडीराम म्हणाले. "माणूस रिटायर झाला म्हणून नाव जातंय का?"

विष्णुपंत तीनदा गेले. पहिल्यांदा अर्ज दिला. दुसऱ्यांदा कारण लिहिलेलं नाही म्हणून अर्ज परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी 'देवीच्या कामासाठी' असं कारण लिहिलं, आणि ते वाचून कोंडीराम विचारात पडले, कारण देवीच्या कामाला नाही म्हणायचं तर घरी सांगायचं काय. अखेर त्यांनीच तोड काढली. जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत 'संगणक, पाच' एवढंच लिहिलेलं होतं. संगणकाच्या पोटात काय आहे हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. तेव्हा विष्णुपंतांनी आपला एकशे तेहतीसचा आणून त्या जागी बसवावा आणि दोनशेचा न्यावा, म्हणजे शासनाचं काही कमी होणार नाही. अदलाबदल मुख्याध्यापकांच्या साक्षीनं झाली. चहा विष्णुपंतांनी पाजला.

नवा, म्हणजे तितकाच जुना, प्रोसेसर बसला. विष्णुपंतांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि गुंडप्पांचं घराणं शोधायला लावलं. चार मिनिटांच्या जागी पावणेतीन मिनिटं लागली.

"झालं की कमी," नीलाताई म्हणाल्या.

"त्याला अर्धं मिनिट लागतं," विष्णुपंत म्हणाले. त्याला म्हणजे कोणाला, हे विचारायची नीलाताईंना गरज नव्हती.

मग बजरंगनं ओव्हरक्लॉकिंगचं सांगितलं. प्रोसेसर कारखान्यातून ठरावीक वेगाचा येतो, पण मदरबोर्डवर जम्पर नावाच्या बारक्या टोप्या असतात, त्या इकडच्या तिकडं केल्या की तोच प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त पळतो. दोनशेचा अडीचशेवर जाईल. फक्त तापेल जरा. विष्णुपंतांना ही गोष्ट फार पटली. त्यांनी नोकरी कधी केली नव्हती, तरी माणसाकडून ठरल्यापेक्षा जास्त काम निघतं यावर त्यांचा विश्वास होता.

गुंडप्पा यायच्या आदल्या दिवशी दुपारी टोप्या हलल्या. कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर अडीचशेचा आकडा आला, विष्णुपंतांनी नमस्कार केला, आणि दोन मिनिटांत मशीन जागच्या जागी थिजलं. बजरंगनं आत बोट लावून पाहिलं आणि लगेच काढून घेतलं.

इथून पुढं प्रकरण गल्लीच्या हातात गेलं. मशीन तापतंय हे कळताच समोरच्या धुरपदाबाई आल्या आणि म्हणाल्या, "ह्यात काय अवघड हाय? माठाखाली घालतो तशी वल्ली वाळू घाला खाली. पानी गार ऱ्हातंय, ह्याला काय झालंय?" एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यानं घाटात इंजिन तापलं की बॉनेट उघडं टाकून गाडी हळू चालवायची असते असं सांगितलं. हळू चालवायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता, असं विष्णुपंत म्हणाले, पण बॉनेट उघडं ठेवायचं मान्य केलं. मग कूलर आणून कॅबिनेटकडं तोंड करून लावला. कूलरचं पाणी उडतंय म्हणून त्याच्यापुढं पंचा धरला, आणि पंचा कोणी धरायचा यावर थोडा वेळ गेला.

बजरंगच्या मते खरा दोष वेगळाच होता. प्रोसेसर आणि वरचा पंखा यांच्यामध्ये एक लेप लागतो, त्यातून उष्णता वर जाते. त्याच्याकडच्या ट्यूबमधला लेप दगड झाला होता. सोलापुरातून यायला दोन दिवस लागणार होते.

"लेप कशासाठी? गार राहायला?" विष्णुपंतांनी विचारलं.

"व्हय. तसंच म्हणा."

विष्णुपंत उठून देवघरात गेले. सहाणेवर खोड उगाळल्याचा आवाज येऊ लागला तेव्हा बजरंगला अंदाज आला. "काका, टूथपेस्ट लावलेली म्या व्हिडिओत बघितलीया. चंदन लावल्यालं न्हाय बघितलं."

"चंदनाइतकं शीतळ दुसरं काही नाही," विष्णुपंत आतून म्हणाले. "चार पिढ्या आम्ही तेच लावतोय." त्यांच्या घरात आधी कोणाकडं प्रोसेसर होता हा प्रश्न बजरंगनं विचारला नाही, कारण समोर वडीलधारा माणूस होता आणि सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेला जाणारी त्याची जीप कोपऱ्यावर हॉर्न देत होती. त्यानं तो सुरेख, दाट लेप प्रोसेसरवर पसरला, वर पंखा दाबला आणि मशीन सुरू केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मशीन थिजलं नाही. उलट पंख्यातून असा दरवळ सुटला की धुरपदाबाईंनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

"गॅरंटी माझी न्हाय," असं म्हणून बजरंग सोनारीला गेला. प्रोग्राम उघडून बघायचं कोणालाच सुचलं नाही.

ते सुचलं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, आंघोळ करून आलेल्या विष्णुपंतांना. त्यांनी प्रोग्राम सुरू केला. एक ओळ आली आणि प्रोग्राम बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तीच ओळ. अकराव्या खेपेला त्यांनी अनिरुद्धला फोन लावून ती ओळ अक्षर-अक्षर वाचून दाखवली.

"बाबा, शून्यानं भागाकार होतोय तिथं," तो झोपेतच म्हणाला. "तेव्हाच्या प्रोग्रामची खोड आहे ती. सुरू होताना तो मशीनचा वेग मोजतो. मशीन एका मर्यादेपेक्षा फास्ट असलं की त्याचं गणित चुकतं आणि तो बंद पडतो."

"म्हणजे बिघाड काय आहे?"

"बिघाड काही नाही. मशीन फार फास्ट झालंय."

गेले दोन महिने एसटीचे धक्के, तीन अर्ज आणि मुख्याध्यापकांचा चहा हे सगळं ज्यासाठी केलं ते साध्य झालं होतं, आणि त्यामुळंच सगळं बंद होतं. अनिरुद्धनं टोप्या पूर्ववत करायला सांगितलं. विष्णुपंतांनी पंचांग वाचायचं भिंग घेऊन आत पाहिलं. टोप्या बावीस होत्या. कालच्या कुठल्या, हे बजरंगला माहीत, आणि बजरंगचा फोन लागत नव्हता. जुना प्रोसेसर शासनाच्या नोंदीवर गेला होता.

आणि साडेआठलाच गल्लीत दोन गाड्यांचे दरवाजे वाजले. गुंडप्पा दहाऐवजी लवकर आले होते, यंदा वेळ लागू नये म्हणून.

बारा माणसं ओसरीवर येऊन बसली. गुंडप्पांचा नव्यानं जन्मलेला नातू सुनेच्या मांडीवर होता, पहिल्यांदा देवीला आणलेला. गुंडप्पांनी डाळिंबाची पिशवी शेजारी ठेवली आणि ती हाताशी राहील अशी सरकवली. ते पाहून विष्णुपंतांना भीती वाटली, अगदी सरळ भीती. या घराण्याची चार पिढ्यांची माणसं याच ओसरीवर बसली होती. आज ती पलीकडं गेली तर पुढच्या वर्षी या पायरीवर येताना कोणाला संकोचही वाटणार नव्हता. पलीकडच्या ओट्यावरून उत्तरेश्वर उठला आणि पाहुण्यांना रामराम करायच्या निमित्तानं येऊन दारात उभा राहिला. तो उभा होता तिथून पडदा स्पष्ट दिसत होता.

"मशीन नवीन केलंय म्हंत्यात महाराज," गुंडप्पा म्हणाले.

"हो. वेग वाढवलाय," विष्णुपंत म्हणाले, आणि त्याच क्षणी, बहुधा रात्रभरात वाळून खडूसारखं झालेल्या चंदनाच्या कृपेनं, आत टक् असा आवाज होऊन पडदा काळा झाला. वास मात्र छान सुटला.

विष्णुपंतांनी मॉनिटर हळूच आपल्याकडं वळवला; यजमानांना तो दिसेनासा झाला, दारातून मात्र दिसत होता. चष्मा नाकावर सरकवला. दोन्ही हातांची दोन बोटं कीबोर्डवर ठेवली, चार-पाच बटणं दाबली आणि त्या काळ्याभोर काचेकडं पाहून वाचायला सुरुवात केली. "मुरुमचे वीरभद्रप्पा. त्यांचे चिरंजीव बसवंतप्पा, यांनी देवीला चांदीचा पाळणा वाहिला. बसवंतप्पांचे बंधू संगप्पा. बसवंतप्पांचे मल्लप्पा, पत्नी गंगव्वा. मल्लप्पांचे गुंडप्पा, गुंडप्पांचे राजशेखर." एकेक नाव त्यांनी कधी काळी दोन बोटांनी ठोकलेलं होतं आणि दर वर्षी यांच्यासमोर वाचलं होतं. ती नावं आपल्याला येतात हे मात्र त्यांना आजच कळत होतं. ते मध्ये थांबले नाहीत, फक्त पानाखाली उतरायचं बटण दोनदा उगीच दाबलं.

गुंडप्पांनी हात जोडले. डाळिंब पिशवीतच राहिलं होतं. "व्हय, लई फास्ट झालंय," ते सगळ्यांकडं बघत म्हणाले. "गेल्या साली मानूस म्हातारा होत होता. आता बटन दाबलं की नाव. मशीन ते मशीनच."

सगळ्यांनी मशीनकडं कौतुकानं पाहिलं. विष्णुपंतांकडं कोणी पाहिलं नाही. ते कौतुक त्यांना मशीनच्या वतीनं स्वीकारावं लागलं आणि तो घास त्यांना बराच कडू लागला. त्यातच सूनबाई उठल्या, कॅबिनेटला हळदकुंकू लावलं आणि बाळाचं डोकं त्याच्यावर टेकवलं.

"आता ह्याचं नाव चढवा महाराज," गुंडप्पा म्हणाले. "कियांश."

"कोण?"

"कियांश. सूनबाईनं इंटरनेटवरनं काढलंय."

विष्णुपंतांनी बंद कीबोर्डवर ते नाव टाइप केलं. गुंडप्पांनी पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं, तेही त्यांनी दाखवलं. सगळा वेळ त्यांचं निम्मं लक्ष दाराकडं होतं. उत्तरेश्वर काळ्या पडद्याकडं एकटक पाहत होता. मंडळी पूजा करून, जेवून, दुपारी समाधानानं गाड्यांत बसली तरी त्यानं काही म्हटलं नाही.

गाड्या गेल्यावर तो परत आला. काखेत लाल बासन होतं.

"अण्णा, संगप्पा सांगितलेत ते बरोबर. पण बसवंतप्पांना आणखी एक भाऊ होता. शिवलिंगप्पा. लहानपणी वारला, म्हणून तुम्ही विसरला असाल."

"तुला कसं माहीत?"

उत्तरेश्वरनं बासन सोडलं, अंगठा जिभेला लावला आणि पान काढून समोर धरलं. मुरुम. वीरभद्रप्पा. खाली तीन मुलगे, आजोबांच्या अक्षरात. "आजोबांनी वाटणी केली ती यजमानांची. मूळ वही आमच्याकडं राहिली, तुमच्याकडं तुमच्या भागाची नक्कल गेली. ह्यात सगळेच आहेत. पुढची नावंही कानावर येतील तशी आम्ही चढवत आलोय."

विष्णुपंत त्या पानाकडं पाहत राहिले. म्हणजे गेल्या वर्षी डाळिंब सोललं जात असताना हे पान खिडकीपलीकडं दहा हातांवर होतं, आणि त्याच्या आधीच्या प्रत्येक वर्षीही. "मग तू कधी दाखवलं नाहीस त्यांना?"

"का दाखवू?" उत्तरेश्वर म्हणाला. "वाटणीत तुमच्याकडं गेलेत ते."

विष्णुपंतांना लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. उत्तरेश्वरनं खिशातून पेन काढलं. "मुलाचं नाव काय म्हणाले? लिहून टाकू."

विष्णुपंतांनी तोंड उघडलं. पाच पिढ्या घडाघडा आल्या होत्या, आणि सकाळी स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं हे एक नाव काही केल्या येईना. "काहीतरी अंश होतं," ते म्हणाले. उत्तरेश्वरलाही आठवेना. तो तेव्हा पडदा पाहत होता.

"कियांश," नीलाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

उत्तरेश्वरनं वही विष्णुपंतांपुढं सरकवली आणि पेन उलटं धरून दिलं. "तुम्हीच लिहा. यजमान तुमचे."

विष्णुपंतांनी पान गुडघ्यावर घेतलं आणि राजशेखरच्या खाली नाव लिहिलं. कित्येक वर्षांत टायपिंगच केल्यामुळं अक्षर जरा वाकडं आलं.